खिळ्यांचे टायर

बेइशेनचं पत्र सफरचंदं उतरवायच्या दिवसांत आलं होतं. आता झाडांवर पान उरलं नव्हतं, बिश्केकच्या गल्ल्यांत रस्त्याकडेचा बर्फ काळा पडू लागला होता, तरी मुकाश मास्तरांनी त्याला उत्तर धाडलं नव्हतं.

पत्र काही मोठं नव्हतं. वहीतून फाडलेलं पान आणि त्यावर बेइशेनची मेंढ्या चढण चढल्यासारखी तिरकी अक्षरं.

"शहरी कोंबड्या, जिवंत आहेस का? गेल्या हिवाळ्यात तू आला नाहीस. तुझ्या नावानं शिव्या देत तुझ्या वाटणीचं आम्हीच खाल्लं. यंदा नवं वर्ष लागलं की पहिल्या शनिवारी शेरिने माझ्याकडे. येणार की नाही ते एका शब्दात कळव. सलग दोन हिवाळे जो येत नाही त्याची जागा जाते, हा नियम तूच केला होतास. तू नसशील तर तुझ्या जागी इसाचा धाकटा भाऊ बसेल. तोच, जो हसताना थुंकतो."

सुसामिरच्या खोऱ्यात हिवाळा अर्धं वर्ष खातो. तो सरावा म्हणून एका वयाची माणसं शेरिने लावतात. आज याच्या घरी मेंढी कापायची, पुढच्या खेपेला त्याच्या घरी. आपल्या भिशीसारखीच पाळी, फक्त पैशांच्या जागी मटण, आणि मटण संपलं की एकमेकांची यथेच्छ टवाळी. मास्तरांनी उभा जन्म त्या खोऱ्यातल्या शाळेत इतिहास शिकवला. गाव त्यांना मास्तर म्हणून मान देई, पण बेइशेन, इसा वगैरे शेरिनेतले पाच जण त्यांना कोंबडा म्हणत, शाई पिणारा म्हणत, एकदा तर त्यांनी मास्तरांची टोपी चुलीत घातली होती. बायको गेल्यावर मुलगा मेदेर त्यांना शहरात घेऊन आला. इथं सगळे त्यांच्याशी अदबीनं बोलत, चहाची पहिली वाटी त्यांना देत, आणि मग त्यांच्या डोक्यावरून आपापसांत बोलत राहत. शिवी देणारं इथं कुणी नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मास्तर निघालेच नव्हते असं नाही. बटाटे आणायला जातो असं सुनेला सांगून त्यांनी आपली करडी झिगुली गाडी बाहेर काढली होती आणि थेट घाटाचा पायथा गाठला होता. तिथल्या अडसरापाशी पोलिसानं वाकून चाकं पाहिली, टायरला बुटाची ठोकर मारली आणि म्हणाला, "आजोबा, हे उन्हाळ्याचे टायर. यावर चढलात तर खाली याल खरे, पण रस्त्यानं नाही येणार." मास्तर मागे फिरले. वाटेत त्यांनी खरोखरच बटाटे घेतले आणि घरी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

म्हणून आता पत्राचं घोडं अडलं होतं. हो लिहावं तर टायर नाहीत, आणि नाही लिहायला हात धजेना. रोज सकाळी ते कागद पुढ्यात घेत, पेनाचं टोपण काढत, परत लावत. शिवाय मनात दुसराच किडा वळवळे: बेइशेनला आपण खरंच हवे आहोत, की नियमाला धरून विचारलंय? इसाचा भाऊ थुंकतो हे खरं, पण गातो चांगला. आपण तर तिथंही कोपऱ्यात बसून ऐकणारे. आपल्या जाण्यानं मैफलीत खड्डा पडेल असं आपल्यात आहे काय? मग उठून ते खिडकीशी जात. दक्षिणेला डोंगरांवर बर्फाची रेघ रोज थोडी खाली उतरलेली दिसे. ते पुन्हा बसत, पुन्हा उठत. पाय पोळलेल्या मांजरासारखे त्या तीन खोल्यांत फिरत राहत.

शेवटी एका सकाळी चहाच्या वेळी त्यांनी धीर केला. "सायकाल, मी म्हणतो, गाडीला हिवाळ्याचे टायर घ्यावेत."

हे वाक्य त्यांनी कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. त्याच्या पुढचं, 'मला सुसामिरला जायचंय', हेही तयार होतं. पण पहिल्यालाच सुनेचा चेहरा उजळला.

"बाबा, अगदी माझ्या मनातलं बोललात! त्या गुळगुळीत चाकांवर तुम्ही तिमूरला बालवाडीत नेता तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो. थांबा, माझ्या वडलांना फोन करते. टायरांचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही."

"अगं, त्यांना कशाला त्रास..."

"त्रास कसला? उलट सांगितलं नाही तर रुसतील."

ती फोनकडे धावली आणि मास्तरांचं दुसरं वाक्य चहाबरोबर घशाखाली गेलं.

शारशेन म्हणजे मास्तरांचे व्याही. वाहतूक पोलिसातून निवृत्त झालेले, धिप्पाड. निवृत्तीनंतरही रस्ता ओलांडताना ते एक हात वर करून चालत, आणि गंमत म्हणजे गाड्या थांबतही. माणूस मनाचा उदार होता, फक्त समोरच्याच्या तोंडात वाक्य तयार होण्याआधी त्याचं उत्तर देऊन मोकळा व्हायचा. आणि व्याह्याला कोण आडवं बोलणार? लेकीसुनांचं नातं जिथं जोडलं जातं तिथं माणूस भांड्याला भांडं लागू देत नाही. मेदेरचं लग्न झाल्यापासून मास्तर शारशेनना 'बरोबर आहे' याखेरीज फारसं काही बोललेच नव्हते.

टायरबाजारात मालवाहू लोखंडी डब्यांत थाटलेल्या दुकानांची लांबच लांब ओळ होती. प्रत्येक डब्यापुढे टायरांचे मनोरे, त्यांच्या आडोशाला शेगडीवर हात शेकणारे दुकानदार. रबराचा आणि तळणाच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळलेला. शारशेन पुढे, मास्तर मागे.

"हा गापार," शारशेननी एका डब्यापाशी थांबून सांगितलं. "याला मी तीनदा दंड केलाय. म्हणून मला फसवत नाही."

"चारदा, साहेब," गापार म्हणाला. लोकरी टोपीतून त्याचे कान बाहेर डोकावत होते. "चौथ्यांदा चूक माझी नव्हती. या, आजोबा, या. गाडी कुठली? झिगुली? वा, म्हातारी घोडी, पण लाथ दमदार. सांगा, कुठं चालवणार?"

नेमका हाच प्रश्न. मास्तरांनी तोंड उघडलं.

"कुठं चालवणार म्हणजे?" शारशेन म्हणाले. "नातवाला बालवाडीत सोडायचं, सुनेला बाजारात न्यायचं, शुक्रवारी माझ्याकडे चहाला यायचं. झालं! शहरातली गाडी आहे. यांना मऊ टायर दे, बिनखिळ्यांचे."

"पण म्हणजे..." मास्तर म्हणाले.

"पण म्हणजे किंमत, हेच ना? त्याची चिंता नको."

मास्तरांचा हात मात्र बाजूच्या मनोऱ्याकडे गेला होता. तिथं खिळ्यांचे टायर रचले होते. खोल नक्षी, आणि रबरातून किंचित डोकावणारी धातूची बारीक टोकं. त्यांनी एका टोकावर बोट टेकवलं. थंडगार आणि टोकदार. निळ्या बर्फात रुतून धरेल असं.

"आजोबांना खिळे आवडलेले दिसतात," गापार म्हणाला.

"त्याला हात लावू नका, व्याहीबुवा!" शारशेन म्हणाले. "खिळे म्हणजे डोंगरातल्या ट्रकवाल्यांचं काम. कोरड्या डांबरावर असा कडकडाट की शेजारी खिडक्या उघडून बघतात. शिवाय ओल्या रस्त्यावर घसरतात. तुम्हाला कुठं डोंगरात जायचंय?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. म्हणताक्षणी त्यांना स्वतःचा असा राग आला की कानाच्या पाळ्या तापल्या.

"साहेब, डोंगरात जाणाऱ्याला मात्र मी मऊ देत नाही हां," गापार म्हणाला. "जमलेल्या बर्फावर—"

"तुला कुणी विचारलं? काढ ते जपानी. ते नाही, ते खालचे. या बाजूला भेग आहे, बदल." शारशेन टायर उभे करून फिरवत होते, नखानं रबर दाबत होते, कडेवरचे आकडे वाचत होते. त्यांना काम येत होतं यात शंका नाही. शहरासाठी त्याहून चांगले टायर त्या बाजारात नसतील. मास्तरांनी पाकीट काढलं तसा शारशेननी त्यांचा हातच धरला.

"नाही! ही माझी भेट. माझा नातू त्या गाडीत बसतो."

"व्याहीबुवा, असं नका करू."

"आता तुम्ही माझा हात परत ढकलणार? बाजारात? एवढ्या लोकांसमोर?"

व्याह्याची भेट परत ढकलायची नसते. शेजारचे दुकानदार कौतुकानं बघत होते. मास्तरांनी पाकीट खिशात घातलं. गापारच्या माणसानं जॅक लावला, एकेक चाक उतरलं, चढलं. शेवटचा नट आवळून झाल्यावर शारशेननी दोन्ही तळवे पसरून गाडीला आशीर्वाद दिला, "रस्ता सरळ असो, परतणं सुखाचं असो, आमीन," आणि ओळीतल्या सगळ्या दुकानदारांनी दुआ संपल्यावर फिरवतात तसे तोंडावरून हात फिरवले. मास्तरांनीही फिरवले.

परतताना शारशेननी बोट वर केलं. "ऐका! काही ऐकू येतंय?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"याला म्हणतात टायर."

खरोखरच काही ऐकू येत नव्हतं. गाडी गादीवरून चालल्यासारखी चालत होती. मास्तरांना वाटलं, असंच आपलं आयुष्य आहे. गुळगुळीत, कुणाला चाहूलही लागत नाही.

पुढचे दोन दिवस त्यांनी घरात कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मेदेर कामावरून आला, वाकून टायर पाहिले, सासऱ्यांचं कौतुक केलं आणि म्हणाला, "आता तुमची काळजी मिटली, बाबा. घाटबीट चढायचं तुमचं वय नाही म्हणा, पण शहरातलं तरी निर्धास्त झालं." मास्तर हसले. रात्री झोप येईना. मऊ टायरवर जाता येईल का? गापारचं अर्धं राहिलेलं वाक्य काय होतं? कोण जाणे, जाताही येत असेल. पण घाटमाथ्यावरच्या बोगद्याच्या अलीकडची ती वळणं त्यांनी जन्मभर पाहिली होती. तिथं बर्फ असा जमतो की त्यात आपला चेहरा दिसावा. पोलीस सोडेल, घाट सोडणार नाही. आणि मग वाटे, बरंच झालं, प्रश्न मिटला. लगेच वाटे, मिटला कसला, इसाचा भाऊ आपल्या जागेवर मांडी ठोकून बसेल. जागा म्हणजे तरी काय, दारापासून तिसरी, चुलीची झळ डाव्या गुडघ्याला लागणारी. पण साऱ्या जगात तेवढीच एक जागा अशी होती, जिथं ते नसले तर कुणीतरी शिव्या देई.

तिसऱ्या दिवशी तिमूरला बालवाडीत सोडल्यावर त्यांनी गाडी घराकडे वळवायला हवी होती. ती टायरबाजाराकडे वळली. ओळीच्या तोंडाशी पोचून ते परत फिरले, पेट्रोलपंपापर्यंत गेले, तिथून पुन्हा आले. गापारच्या डब्यापुढे थांबले तेव्हा तो तोंडात भाकरीचा तुकडा घेऊन उभा होता.

"काय झालं आजोबा? हवा गेली?"

"नाही. टायर चांगले आहेत." मास्तर गाडीतून उतरले. "ते परत घे आणि मला खिळ्यांचे दे."

गापारचं चावणं थांबलं. "साहेबांनी दिलेले?"

"हो."

"व्याह्याची भेट विकताय?"

"बदलतोय."

"आजोबा, मला पाचवा दंड होईल. ते निवृत्त असले तरी करतील." मग त्यानं टोपी मागे सारली. "पण त्या दिवशी तुम्ही खिळ्यावर बोट ठेवलंत तेव्हाच मला वाटलं होतं. कुठं जायचंय?"

"सुसामिरला," मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून निघाला आणि त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी दुसराच बोलला.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"व्याही बोलत होते."

गापार हसत सुटला. शेजारचा दुकानदार शेगडीवरून ओरडला, "खरंय हो! व्याही बोलायला लागला की घोडासुद्धा खिंकाळत नाही." आणि पलीकडची टोप्या विकणारी बाई म्हणाली, "माझ्या व्याहिणीला आणा इथं. टायरपण बोलायचे थांबतील."

हसून झाल्यावर गापार मात्र धंद्यावर आला. दोन दिवस चाललेला टायर म्हणजे जुना टायर, असं त्याचं म्हणणं. मास्तरांना घासाघीस येत नव्हती. ते नुसते उभे राहिले, आणि त्यांच्या उभं राहण्यालाच कंटाळून गापारनं भाव खाली आणला. वर थोडे पैसे द्यावे लागलेच. चाकं चढल्यावर तो म्हणाला, "पहिले काही दिवस सावकाश चालवा. खिळे रबरात बसू द्या. आणि आजोबा, साहेबांना मी काही सांगणार नाही. पण मी सांगायची गरजही नाही."

त्याचा अर्थ मास्तरांना कोपऱ्यावर वळताच कळला. रस्ता कोरडा होता. खिळे डांबरावर कडकडू लागले, तव्यावर मका उडावा तसे. पादचारी वळून पाहत. बसथांब्यावरच्या बायकांनी बोलणं थांबवलं. मास्तरांनी वेग कमी केला तर एकेक खिळा वेगळा ऐकू यायला लागला. जन्मभर दबक्या पावलांनी चाललेल्या माणसाला आता गावभर दवंडी पिटत फिरायची वेळ आली होती. शुक्रवारी चहाला जायचं म्हणजे शारशेनना गल्लीच्या तोंडापासून कळणार. मेदेरला तर तिसऱ्या मजल्यावर कळणार. लपवता येईल असं काही उरलंच नव्हतं. आणि याचं त्यांना भय वाटायला हवं होतं, ते वाटतही होतं, पण त्या भयाखाली काहीतरी हलकं झालं होतं.

घरी न जाता ते तसेच शारशेनच्या गल्लीत शिरले. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. तोंडानं साथ दिली तर.

शारशेन फाटकापाशी खोरं घेऊन बर्फ लोटत होते. कडकडाट ऐकून त्यांनी मान वर केली, सवयीनं हात वर केला. गाडी थांबली. त्यांनी चाकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझे टायर कुठं आहेत?"

"गापारकडे," मास्तर खाली उतरत म्हणाले. "मी बदलून घेतले."

"माझी भेट तुम्ही बाजारात परत नेलीत. त्याच बाजारात. त्याच माणसाकडे."

"हो."

"का? वाईट होते?"

"चांगले होते. पण मला घाट ओलांडायचाय, व्याहीबुवा. सुसामिरला माझ्या बरोबरीच्या माणसांची शेरिने आहे. यंदा गेलो नाही तर माझी जागा जाते."

"मग त्या दिवशी सांगायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? मी विचारलं, डोंगरात जायचंय का. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे!"

"तुम्ही तसं विचारलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "तुम्ही उत्तर दिलं होतंत."

शारशेनच्या हातातलं खोरं बर्फात रुतलं. त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला.

"इतकी वर्षं तुम्ही माझ्याकडे येता. जे म्हणेन त्याला 'बरोबर आहे' म्हणता. मी बायकोला सांगायचो, व्याही असावा तर असा, आमचं एकमत आहे. त्यातलं खरं किती होतं?"

मास्तरांनी खरोखरच विचार केला. "घोड्यांबद्दल पटायचं नाही. राजकारणाचं बरंचसं पटायचं नाही. माझ्या मुलाला तुम्ही रागे भरता ते पटायचं नाही." ते थांबले. "चहा मात्र खरा होता. शुक्रवारची मी वाट बघतो."

शारशेननी खोरं तिथंच सोडलं. पाठ फिरवून घरात गेले. मास्तर फाटकाबाहेर उभे राहिले, निघावं की थांबावं ते कळेना. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण भीड सोडली की काय हाती येतं ते कुणी सांगत नाही. त्यांनी गाडीचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"कुठं निघालात?" शारशेन दारात परत आले होते. हातात गोल नान होती. "माझ्या फाटकापर्यंत आलेला माणूस भाकरी न तोडता गेला असं व्हायचं नाही. तोडा. खा. मग मला रागवायचंय."

मास्तरांनी कडेचा तुकडा तोडून तोंडात घातला. शारशेन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, घास गिळून होईपर्यंत.

"मेदेरला मी सांगणार आहे," ते म्हणाले.

"मीच सांगेन. आज संध्याकाळी."

"तुम्ही? तुम्ही त्याला 'बरोबर आहे' म्हणाल." मग ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, मागच्या चाकाला बुटाची ठोकर मारली. "झिगुलीचा जोर मागच्या चाकांवर असतो. डिकीत वाळूचं पोतं टाका. बोगद्यातून बाहेर पडलं की उतार लागतो, तिथं ब्रेकवर पाय द्यायचा नाही, गिअरवर उतरायचं. बर्फ काढणारी गाडी गेल्यानंतरच अडसर ओलांडा. आणि या शुक्रवारी येऊ नका. मी अजून रागावलेला असेन."

"पुढच्या?"

शारशेननी खोरं उचललं. "पुढच्या शुक्रवारचं पुढच्या शुक्रवारी," ते म्हणाले आणि पुन्हा बर्फ लोटू लागले, गरजेपेक्षा जोरात.

पोस्टात गर्दी नव्हती. पेन्शनच्या खिडकीपाशी दोन म्हाताऱ्या, आणि भिंतीशी एक डुगडुगणारं टेबल. मास्तर कोट न काढताच बसले. या वेळी पेनाचं टोपण काढून त्यांनी खिशातच टाकलं, म्हणजे परत लावायचा मोह नको.

त्यांनी लिहिलं, "येतो." एवढ्यानं चाललं असतं, बेइशेननं एकच शब्द मागितला होता. पण हात थांबेना. "म्हाताऱ्या बोकडा, येतो. इसाच्या भावाला सांग, दाराशी बसून गा, पण माझ्या जागेवर थुंकू नको. मी येण्याआधी मेंढी कापलीत तर तुमच्या टोप्या चुलीत घालीन. खिळ्यांचे टायर घेतलेत. गाडी इतकी ओरडते की माझ्याआधी तिचाच आवाज ऐकू येईल. कोंबडा."

वाचून पाहिलं तर त्यात दोन चुका होत्या आणि एक वाक्य फारच उद्धट होतं. एरवी त्यांनी कागद फाडून नवा घेतला असता. त्यांनी तो तसाच घडी घालून पाकिटात सरकवला, पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं आणि खिडकीशी नेलं.

"सुसामिर?" आतल्या बाईनं पत्ता वाचून विचारलं. "घाट बंद झाला तर अडकेल हं."

"अडकू दे," मास्तर म्हणाले. "तुम्ही पाठवा."

तिनं तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.